रबराचे दोन वेढे

३ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडायचं त्राण उरलेलं नाही, म्हणून पत्र. सहा वर्षं त्या प्रयोगशाळेत करतेस तरी काय, असं विचारलं होतंत. तुमचंच चांदीकाम, फक्त फार बारीक. काचेवर चांदीचा पातळ थर देतात, त्यात केसाच्या हजाराव्या भागाएवढी चरी कोरतात. उजेड त्या चरीतून चांदीच्या अंगाला चिकटून धावतो. चरीला बाजूने एक आंधळा, पुढे बंद असलेला बोळ जोडला, की हिरवा उजेड त्यात अडकतो आणि पलीकडे तांबडा तेवढा निघतो.

पहिल्या दिवशी झकास निघतो. चौथ्या दिवशी अंधार. नमुने मी तळहातावरच्या फोडासारखे जपते. प्रत्येक नमुना कागदात, वर रबराचे दोन वेढे, मग घट्ट झाकणाची डबी. (रबरं अर्थातच साठवलेली. तुम्ही उगाच खारूताई म्हणत नाही.) तरी हीच गत. थर देणाऱ्या बाईंच्या हातातच खोट आहे, असं महिनाअखेरच्या अहवालात लिहिणार आहे. त्यांची नोकरी जाईल, माझंही काम बंद पडेल. खरं सांगू? बंद पडलं तर झोप तरी लागेल.

डोळ्यांत औषध घालता ना? लोभ आहेच, थोडा पत्रातूनही यावा.

तुमची,
खारूताई

१४ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भिंग धरून दोन दिवस वाचलं. उजेडाचं सगळं डोक्यावरून गेलं, रबरापाशी मात्र थांबलो. अगं, चांदीला रबर लावायचं नसतं. त्यात गंधक असतं, त्याने चांदी काळी पडते. बंद डबीत तर जास्तच. चांदीकाम करणाऱ्याच्या पोरीला हे माहीत नाही, हा दोष माझा. दुकानात आलीस की अभ्यास कर म्हणून हाकलायचो.

आता एक सांगतो, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या जन्माआधी एका गिऱ्हाइकाचे सहा पेले चार दिवसांत काळे पडले. पुसायचं काम तुझ्या आईचं. ओल्या हाताने पुसतेस, असं मी तिला गिऱ्हाइकादेखत बोललो. त्यानंतर ती दुकानाची पायरी चढली नाही. पेल्यांना रबर मी लावलं होतं. ते मला दोन वर्षांनी उमगलं. सांगू सांगू म्हणत राहिलो, आणि ती गेली.

अहवालाआधी रबर काढ. सुती कापडात ठेवून बघ. हात थकलाय, अक्षर लावून घे.

तुझा,
बाबा

९ मार्च

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा अहवाल लिहून तयार होता. तो फाडला, मुदत वाढवून घेतली. आज नव्या नमुन्याचा तेरावा दिवस. तांबडा निघतोय.

बाईंना अहवालाचा पत्ता नव्हता. मी गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. पण त्यांना चारचौघांत टोमणे मारले होते, म्हणून चारचौघांतच सांगितलं, की खोट माझ्या रबरात होती. दुपारी त्या माझ्या शेजारी जेवायला बसल्या, एवढंच.

कापडासाठी घरात शोधाशोध केली. आईची विरलेली सुती ओढणी मी इतकी वर्षं ठेवून दिली होती. तिचेच तुकडे केले. कापण्याआधी ती मांडीवर घेतली आणि तुमचं पत्र पेल्यांपासून पुढे तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

कळावे. लोभ आहे, तो उजळ राहो.

तुमची,
खारूताई