एका दिवशीची दोन लग्नं

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, गुडघा सोडला तर. फोनच करणार होतो, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं त्यातलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस. मध्येच 'बरं बरं, जेवलास का?' म्हणतोस आणि फोन वहिनींच्या हातात देतोस. जन्मभर शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकून पोरांकडून कवायत करून घेतलीस, त्याचं हे फळ. तेव्हा खिडकीपाशी उजेडात बस, मी करून दिलेला चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. वहिनींना मोठ्यांदा वाचून दाखवलंस तरी चालेल. नाही दाखवलंस तर त्या तुझ्या खांद्यावरून वाचतीलच.

गेल्या मंगळवारच्या माझ्या येण्याबद्दल लिहायचं आहे. न कळवता आलो, धड बसलोही नाही, चहा अर्धा ठेवून उठलो. 'काय रे, मध्येच कसा?' असं तू विचारलंस, तर मी म्हणालो, इकडे दातांच्या डॉक्टरकडे आलो होतो. दादा, तुमच्या भागात दातांचा डॉक्टर आहे की नाही हेही मला माहीत नाही. आणि माझ्या तोंडात स्वतःचा असा एकही दात उरलेला नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे. तरी तू 'हो का' म्हणालास. वहिनींनी दाढ जास्त दुखते का विचारलं. तारीख तिघांनाही माहीत होती आणि तिघंही बसून कवळीतल्या दाढदुखीवर बोललो.

तुझं नि माझं लग्न एकाच दिवशी का लागलं, हे सांगू शकणारी माणसं आता आपण तिघंच उरलो. बाबांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि ते हटून बसले, की दोघांची लग्नं बघितल्याशिवाय त्या टेबलावर झोपणार नाही. तुझं ठरलेलं होतं, माझं नुसतं ठरत होतं. बाबा स्वतः हिच्या घरी गेले, तिच्या वडिलांपुढे हात जोडले, आणि तू घेतलेल्या हॉलमध्ये, तुझ्याच मुहूर्तावर मी घुसलो. पुढे ऑपरेशन सुखरूप झालं आणि बाबा चांगली दहा-बारा वर्षं ठणठणीत जगले. आई म्हणायची, 'तुमच्या बापाने एका दगडात दोन सुना आणल्या.' फोटोवाल्याचा तर इतका गोंधळ उडाला, की त्याने मला वहिनींशेजारी उभं केलं आणि तुला हिच्याशेजारी. तोच फोटो आईच्या खोलीत कितीतरी वर्षं होता. पाहुणे आले की ही त्यांना फोटो दाखवून म्हणायची, 'चुकीचा माल आलाय. बदलून मिळेल का, अजून विचारतेय.'

हिच्याशी लग्न ठरलं तेव्हा तू एकटाच खूश होतास. बाकीच्यांना ती गाडी शिकवते हेच पचत नव्हतं. त्या काळी बाई गाडी शिकवते म्हटल्यावर लोक रस्त्यात थांबून बघायचे. पुढे त्याच लोकांच्या मुली, सुना आणि शेवटी ते स्वतः तिच्याकडे शिकायला आले. तू तिला पहिल्या दिवसापासून 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायचास. मला मात्र तिने शिकवलं नाही. दोनदा प्रयत्न झाला. दुसऱ्या खेपेला मी चौकातल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर गाडी चढवली, तेव्हा ती शांतपणे उतरली, माझ्या बाजूला आली आणि म्हणाली, 'गाडी हवी की बायको, एक काहीतरी ठरव.' मी बायको ठरवली. त्या सौद्यात मी कधी पस्तावलो नाही. दिवसभर शिकाऊ माणसाशेजारी बसून ब्रेक मारायची तिच्या पायाला इतकी सवय झाली होती, की झोपेतही पाय दाबला जायचा आणि पांघरूण माझ्या अंगावरून जायचं. किती वर्षं मी त्या पायाच्या नावाने खडे फोडले. आता पांघरूण जिथल्या तिथे असतं आणि मला झोप येत नाही.

त्या तारखेला चौघांनी तळ्यावर जायचं, हे कोणी ठरवलं ते आठवत नाही. गाडी तिची, पुढे ती आणि वहिनी, मागे आपण दोघं शाळेला निघालेल्या पोरांसारखे. थर्मासमधला चहा, एकच केक, आणि सुरी कोणी धरायची यावर दर वर्षी भांडण. एका वर्षी तर आमचा दोघांचा अबोला होता. कारण विचारू नकोस, लेकीच्या शाळेवरून की माझ्या उशिरा येण्यावरून, कशावरून तरी पेटलं होतं आणि आठवडा झाला तरी विझत नव्हतं. सकाळी ती गाडीची किल्ली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, 'आज अबोल्याला सुट्टी. उद्यापासून पुन्हा.' दिवसभर इतकी हसली, बोलली, की तुम्हाला पत्ताही लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच तोंड फिरवून बसली! मला हसू आवरेना, मग तिलाही आवरेना, आणि भांडण तिथेच मेलं. लोक विचारतात, इतकी वर्षं कशी निभावली. मी काय सांगणार? आम्ही मुळीच गुण्यागोविंदाने नांदलो नाही. भांडता भांडता एकमेकांची सवय लागली, आणि त्या सवयीलाच लोक प्रेम म्हणत असतील तर ते आमच्याकडे पोतंभर होतं.

चौघांचा शेवटचा लग्नाचा वाढदिवस हॉस्पिटलात झाला. तुम्ही दोघं आलात. वहिनी आल्या आल्या तिचे केस विंचरायला बसल्या. प्रसूतिगृहात नर्स म्हणून सगळा जन्म गेलेला, त्यांचा हात आजारी माणसाला कळायचा. केस फारसे उरले नव्हते, तरी त्या कितीतरी वेळ हळूहळू फणी फिरवत होत्या. तू खिडकीत उभा राहून खाली बघत होतास, कारण तुला तिच्याकडे बघवत नव्हतं. हे तिला कळलं. बोलायला धाप लागायची, तरी म्हणाली, 'दादा, खाली कोणाला गाडी लावता येत नसेल तर वर पाठवा, शिकवते.' तू हसलास आणि हसत हसतच बाहेर गेलास, तो बऱ्याच वेळाने डोळे धुऊन परत आलास. त्यानंतर महिना भरायच्या आत ती गेली.

तिच्यानंतर ती तारीख पहिल्यांदा आली तेव्हा लेकीचा फोन आला. पावसापाण्याचं बोलली, तिच्या नव्या ऑफिसातल्या लिफ्टचं बोलली, फोन ठेवताना आवाज भरून आला तर 'सर्दी झालीय' म्हणाली. तुझा फोन आला. तू टाकीच्या नळाचा वायसर कसा बदलायचा ते मला सांगितलंस. माझा नळ गळत नव्हता. मी चष्म्याच्या दुकानात कामाला गेलो तर मालकाने माझ्यासमोरचं काम दुसऱ्याला दिलं आणि मला नुसत्या फ्रेमा पुसायला बसवलं. बरंच केलं म्हणा, कारण त्या दिवशी मी कापलेलं भिंग कोणाच्याच डोळ्याला बसलं नसतं. पोर झोपलेलं असताना लोक खोलीतून चवड्यांवर जातात, तसे सगळे माझ्या अवतीभवती चवड्यांवर चालत होते. पण दादा, मी टक्क जागा होतो. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मला वाटायचं, तुम्ही तळ्यावर जात असाल. नंतर वाटायला लागलं, नसाल जात. विचारायचा धीर झाला नाही.

यंदा मात्र पन्नासावं. सकाळपासून घरात बसवेना. चहा केला तो दोन कपांचा झाला, एवढंच निमित्त झालं आणि मी बस पकडली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, नुसतं तुमच्याजवळ येऊन बसायचं होतं. जिना चढताना तुझा आवाज ऐकला. तुला वाटतं तू कुजबुजतोस, पण तुझी कुजबुज खालच्या मजल्यापर्यंत जाते. तू म्हणत होतास, 'अगं, पन्नास वर्षं झाली, एक घास तरी भरव.' आणि वहिनी म्हणाल्या, 'हळू बोला. भाऊजींच्या कानावर गेलं तर काय वाटेल त्यांना?' मी दारातच होतो. परत फिरावं असं मनात आलं, पण बोट आधीच घंटीवर गेलं होतं, आणि माझी दोनदा घंटी वाजवायची सवय तुम्हाला ठाऊक आहे.

आत जी धावपळ झाली ती मला सगळी कळली. तुमच्या दाराची काच धुरकट आहे, पण माणूस दिसला नाही तरी रंग दिसतो. काहीतरी हिरवंगार, चकचकीत असं त्या काचेमागून लगबगीने आतल्या खोलीत गेलं. तू दार उघडलंस तेव्हा कडक इस्त्रीच्या शर्टावर जुना स्वेटर उलटा चढवला होतास आणि तुझ्या मिशीला क्रीम लागलं होतं. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार राहून राहून उघडत होतं आणि तू ते पाठीने दाबून उभा होतास. मग वहिनी आल्या, घरातल्या विटक्या गाऊनमध्ये. पण गळ्यातला मोत्यांचा सर काढायचा राहिला होता. तो त्यांनी माझ्यासमोरच कॉलरखाली सारला आणि चहा ठेवायला वळल्या.

बसमध्ये मला आधी राग आला. माझ्यावाचून केक कापला म्हणून, आणि खरं सांगायचं तर, तुला घास भरवायला कोणी आहे म्हणून. तो राग तीन-चार थांब्यांपुरता टिकला. मग वहिनींचा तो हात डोळ्यांपुढून हलेना. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईने, आपल्याच घरात, लग्नाच्या वाढदिवशी, दिराची चाहूल लागली म्हणून ठेवणीतले कपडे उतरवून ठेवले. घरी आल्यावर मी पुतण्याला फोन केला. आधी उडवाउडवी केली त्याने, मग म्हणाला, 'काका, आम्ही हॉल घेणार होतो. बाबांनी रद्द करायला लावलं. म्हणाले, काकाला सोसणार नाही.' आणि हेही म्हणाला, की गेली चार वर्षं तुम्ही तळ्यावर गेला नाहीत, घरात दार लावून केक कापता. दादा, त्या फोननंतर मी रडलो. ती गेल्यापासून इतका रडलो नव्हतो. मला वाटत होतं माझं दुःख माझ्याच घरात आहे. ते तुमच्या घरात जाऊन बसलंय आणि तुम्ही दोघं त्याच्या धाकाने कपाटात केक लपवताय, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून हे लिहायला बसलो. तुम्ही माझ्यावरच्या मायेनेच केलंत, ते मला समजतं. पण जरा माझ्या बाजूने बघ. त्या तारखेला दोन लग्नं लागली. त्यातलं एक अजून जिवंत आहे, चालतंबोलतं आहे, भांडतं आहे. तुम्ही ती तारीख लपवलीत की माझ्याकडे काहीच उरत नाही. जगात दुसरं कोणी त्या दिवसाचं नाव काढत नाही, आणि ज्या दिवसाचं नाव कोणी काढत नाही, त्या दिवशी तिचं लग्न कधी झालंच नव्हतं असं वाटायला लागतं. मी या रविवारी येतोय, खोटं कारण न सांगता. पुतण्याला मी कळवलं आहे, तो गाडी घेऊन येईल, आपण तळ्यावर जाऊ. वहिनींना सांग, ते हिरवं जे काय होतं ते मला नीट बघायचं आहे, काचेतून नको. तिच्या नावाची खुर्ची मांडू नका, रिकाम्या खुर्चीशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. घास भरव म्हणून माझ्यासमोर खुशाल हट्ट कर. मला रडू आलं तर येऊ दे, तुम्ही खात राहा. आणि एवढंच एक कर. दार उघडशील तेव्हा 'आमच्या लग्नाचा वाढदिवस' म्हणू नकोस. 'आपल्या' म्हण. चार वर्षांत मला तसं कोणी म्हटलेलं नाही.

तुझाच,
धाकटा