ओवी आबाची, नाव बिरूकाकाचं

दिल्ली, मार्च १९९६

आये, पाया पडतो.

पर तवा तू गप्प का बसलीस? कऱ्हाटीत आबा गाण्यात दंग आसताना टेपवाल्या साहेबानं तुला इचारलं, "गाणाऱ्याचं नाव काय?" नवऱ्याचं नाव कसं घ्यावं म्हणून तू लाजलीस, आन् काका फुडं सरकून म्हणला, "लिवा, बिरू!"

मी झाडतो त्या लायब्ररीत जगभरच्या गाण्यांचा कोश आलाय, संगं कॅसेट. आवाज आबाचा, छापलंय बिरू!

मी बरा हाय, जेवतो. नुसती झोप येत न्हाय. आबाचा खोकला कसाय?

हितला साहेब म्हणतो, आवाज ताडून बघायला नवी कॅसेट धाडा, नाव दुरुस्त करायला लिवतो. गळा बसायच्या आत आबाला गायला लाव. आधी तू खणखणीत "सिदू" म्हण. आन् काकाच्या दारात बसूनच भरा. जळू दे त्याला.

रागातला पर तुझाच,
म्हाळू

टेपाच्या भाड्याला दीडशे रुपये धाडलेत.