तिसरा प्रश्न

नेर, बुधवार संध्याकाळ

समाजशास्त्राच्या सरांनी मुलाखतीचा फॉर्म दिलाय. गावात जाण्याआधी सराव म्हणून घरीच भरायचा. मी बाबांना समोर बसवलं. तिसरा प्रश्न: कुटुंबात एकूण किती जण?

"चार," बाबा म्हणाले.

आई जाऊन दीड महिना झाला. आता बाबा, दादा आणि मी. पण समोरचा सांगेल तेच लिहायचं, दुरुस्त करायचं नाही, असा सरांचा नियम. मी चार लिहिलं. बाबांच्या डोक्यावर परिणाम तर झाला नसेल?

दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "काहून भेऊन राह्यली वं? चुकून बोलले असतीन." पटलं नाही.

शंका आली तर तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारा, असंही सर सांगतात. जेवायच्या वेळी मी चुलीजवळूनच विचारलं, "बाबा, ताटं किती घेऊ?"

"तीन घे." मग हळूच, "कागदावर चारच राहू दे, बाई."

त्यांना सगळं कळतंय. पण उद्या सर फॉर्म वर्गात वाचतील. चौथं कोण, असं सगळ्यांसमोर विचारतील, आणि मला तिथे रडू आलं तर? खोडून टाकू का? मघापासून पेन हातात आहे. खोडवत नाही.