माझ्या अक्रोडाने मारलेले टोमॅटो

तीर्थस्वरूप व्हर्डाताईस,

धाकट्या एलवूडचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नेब्रास्कात गारठा सुरू झाला असेल, लोकरीची पट्टी बांधत जा. माझी तब्येत बरी आहे, म्हणजे छातीत धडधडतं, पण ते कारणाने.

कारण सांगतो. कुंपणालगतचा माझा काळा अक्रोड आता घराहून उंच झाला आहे. फळं छपरावर अशी आदळतात की मी जेवतानाही टोपी घालतो (छप्पर मजबूत आहे, पण भरवसा कशाचा द्यावा?). ते सोसलं असतं. पण कुंपणापलीकडे लॅव्हर्नबाई राहतात, क्लाइड मास्तरांच्या विधवा. त्या दर वर्षी टोमॅटो लावतात आणि दर जुलैत रोपं माना टाकतात. "एलवूड, माझ्या हाताला गुणच नाही हो," म्हणतात बिचाऱ्या. मी नुसती मान हलवतो. ताई, अक्रोडाच्या मुळांतून विष झिरपतं आणि त्याने टोमॅटो मरतात, हे मला सहा वर्षांपासून ठाऊक आहे. शेतकी कचेरीच्या पत्रकात वाचलं (मोठे शब्द सोडून). सांगितलं तर बाई झाड तोडायला लावतील, नाहीतर बोलणं तोडतील. मला बोलणं तुटण्याची भीती जास्त.

यंदा एक रोप सप्टेंबरपर्यंत तगलं. बाई रोज त्याला "चल रे राजा" म्हणायच्या. मला बघवेना. त्या चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेल्या, तसा मी दुकानातून तीन लालबुंद टोमॅटो आणून पांढऱ्या दोऱ्याने त्या रोपाला बांधले. घात एवढाच, की त्याच सकाळी मी अक्रोड अंगणात पसरून वरून ट्रक फिरवला होता (साल सोलायची आपली रीत) आणि उघड्या हातांनी वेचले होते. सालीचा तो काळा रंग महिनाभर जात नाही, तुला माहीतच आहे.

बाई आनंदाने नाचल्या. मग फळांवर काळे डाग दिसले. नवा रोग समजून त्यांनी टोमॅटो डब्यात भरून थेट शेतकी कचेरीत धाडले! उत्तर आलं ते त्यांनी चर्चच्या जेवणात मोठ्याने वाचलं: रोग नाही, अक्रोडाच्या रसाने उठलेले बोटांचे ठसे आहेत, आणि तिसऱ्या फळावर दुकानाची चिठ्ठी चिकटलेली आहे.

सगळे आपापले हात बघू लागले. या दिवसांत गावात निम्म्यांचे हात काळे, त्यामुळे मी सहज निभावलो असतो. पण मी घाबरून हात खिशात घातले.

"एलवूड, बटाटे घ्या ना," बाई म्हणाल्या.

"भूक नाही."

"तुम्हाला? भूक नाही?"

झालं. मी सगळं ओकून टाकलं, विषासकट. बाईंनी बटाट्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सहा वर्षं! आणि मेल्या, दोरा तरी हिरवा आणायचास!" निघताना वळून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी बादलीत लावणार. तुझ्या ओट्यावर ऊन छान येतं."

ताई, हे ओट्याचं कौतुक समजायचं की काय? चार दिवस झोप नाही.

तुझा,
एलवूड

ता. क. आज ओट्यावर बादल्या आल्या. दोन पुरल्या असत्या, सात आहेत. सोबत त्यांची खुर्चीही.

ता. क. खरं काम असं, की तू त्यांना फोन करून विचार, माझ्याशी लग्न करतील का. माझ्या तोंडून निघणार नाही.

ता. क. हो म्हणाल्या तर मला लगेच फोन कर. नाही म्हणाल्या तर मुळीच करू नकोस. मी फोन बिघडलाय असं धरून चालेन आणि मरेपर्यंत दुरुस्तीवाल्याला बोलावत राहीन.