शेवटचा भाग राहिलाय

औंढे, सोमवार

चि. अतुल यास दाजींकडून पोटभर आशीर्वाद.

तू बरा असशील. माधवीची पाठ आता कशी आहे? तिला म्हणावं, वाकून फरशी पुसणं बंद कर. इकडं आम्ही दोघं सुखरूप आहोत, असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर गेले नऊ दिवस मी तुझ्या बहिणीच्या नजरेला नजर दिलेली नाही. हे फोनवर बोललो असतो, पण मला स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की शालनसकट सगळ्या आळीला ऐकू येतं. म्हणून हे पत्र. वाचून झालं की फाडून टाक.

पाडव्याला तू तो भिंतभर टीव्ही आणून लावलास, तिथून हे सुरू झालं. तुला दोष देत नाही (थोडा देतो). आमचं लग्न झालं तेव्हा गावात एकच टीव्ही होता, सोसायटीच्या सचिवांच्या पडवीत. रविवारी सिनेमा लागायचा. बायका आत, दाराशी. आम्ही गडी अंगणात. सिनेमाआधी भातावरच्या खोडकिडीचा बंदोबस्त सांगायचे, तोही सगळा गाव तोंड उघडं ठेवून बघायचा. दुसरं काही नव्हतंच. लागेल ते बघायचं आणि आवडलं नाही तर सगळ्यांनी मिळून शिव्या घालायच्या. पण अतुल, त्या काळात मी आणि शालननं पन्नासएक सिनेमे बघितले असतील, त्यातला एकही शेजारी बसून नाही.

आता शेजारी बसायला मिळालं, तर बघायचं काय ते ठरेना. पडद्यावर नुसते चौकोन. मी एखाद्यावर बोट ठेवलं की ती म्हणायची, “अवो, पुढं सरका की, अजून चांगलं आसंल.” मी पुढं सरकायचो. पुढं आणखी चौकोन. एकोणीस दिवस आम्ही नुसती चित्रंच बघितली. जेवण व्हायचं, भांडी व्हायची, डोळे मिटायला लागायचे, आणि टीव्ही बंद.

विसाव्या दिवशी एकमत झालं. एका डॉक्टराचा खून, आठ भाग. रोज जेवल्यावर एक भाग बघायचा. शालननं माझा हात आपल्या हातावर ठेवून घेतला आणि म्हणाली, “एकट्यानं बघायचं न्हाई. तुमीबी न्हाई आन मीबी न्हाई.” मी व्हय म्हणालो. मग काय दिवस गेले म्हणून सांगू! भांडी घासताना ती म्हणायची, कंपाउंडरनंच मारलं. मी म्हणायचो, वकिलानं. सकाळी खाचराचे बांध घालतानाही तेच. मुलं आपापल्या संसाराला लागल्यापासून आमच्यात दुधाचा रतीब आणि माझा गुडघा एवढंच बोलणं उरलं होतं. ते एकदम वाढलं.

आणि मी माती खाल्ली.

पाचवा भाग अशा जागी संपला, की दवाखान्याची कडी आतून निघते आणि बास. दुसऱ्या दिवशी ती इंद्रायणी भाताचं बियाणं आणायला कामशेतला गेली. मी गुडघ्यामुळे घरी. म्हटलं, दार कोण उघडतं एवढंच बघू. ते बघितलं. पण हा टीव्ही थांबतो कुठं? भाग संपला की तोच आकडे मोजतो, पाच, चार, तीन, आणि पुढचा लावतो. पूर्वी निदान निवेदिका हात जोडून रजा घ्यायची. मी सहावा बघितला, सातवा बघितला, आठवाही बघितला. खुनी कळला आणि त्याच क्षणी फोन वाजला. “लोकलात बसले. भात टाका.”

अतुल, प्रत्येक भागाच्या चित्राखाली एक लाल रेघ असते. जेवढं बघितलं तेवढी रेघ. तीन चित्रांखाली तीन रेघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कामशेतहून लोणावळा पंधरा मिनिटं, तिथून रिक्षा वीस. मी रिमोटचं डाव्या बाजूचं बटण दाबून धरलं. आठव्याची रेघ घाटातल्या मालगाडीसारखी मागं यायला लागली. अंगठ्याला मुंग्या आल्या. सातवाही मागं आला. सहाव्याला घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि मेलेला डॉक्टर तमिळ बोलायला लागला. त्याला मराठीत आणेपर्यंत देवळापाशी रिक्षा वाजली. तिथं शालनला कस्तुराबाई भेटल्या, त्यांनी सुनेचं गाऱ्हाणं काढलं, म्हणून मी वाचलो. ती उंबऱ्यात आणि मी टीव्हीसमोर फडकं घेऊन.

“आज पुसायचं कसं सुचलं?” ती म्हणाली. भात टाकायचा राहिलाच होता.

त्या संध्याकाळी सहावा भाग लावला. दार उघडलं आणि मी दचकलो. चूक एवढीच झाली, की मी आधी दचकलो आणि दार नंतर उघडलं. शालननं मान वळवून माझ्याकडं बघितलं. पंचवीस वर्षं मी बेगडेवाडी स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होतो, गाड्या अंगावर आल्या, पण असा घाम फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी सातवा झाला. तेव्हापासून शेवटचा भाग राहिलाय. आज डोकं दुखतंय, उद्या तिचा उपास, परवा लोणचं घालायचंय. नऊ दिवस! तिला कळलंय, नक्की कळलंय, आणि ती माझ्या तोंडून काढायला बघतेय. काल मी धीर केला. म्हटलं, “शालन, मला एक सांगायचंय.” ती ताडकन उठली. “काय सांगू नगा. आधी जेवा.”

तरी तू येत्या रविवारी ये आणि माझ्या वतीनं तिची माफी माग. तुझं ती ऐकते.

तुझा,
मारुतीदाजी

ता. क. येऊ नकोस. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात शेजारची आरती शालनचा मोबाईल दुरुस्त करून घेऊन आली. तू त्यात मालिका बघायला बहिणीच्या नावाचा वेगळा कप्पा करून दिला होतास ना? आरती म्हणाली, “काका, मावशीनी तर ही मालिका कधीच संपवलीय की.” तारीख बघितली. घरी आमचा तिसरा भाग चालला होता, तेव्हा तिचे आठही झाले होते. म्हणजे ‘कंपाउंडरनंच मारलं’ हे ती ठणकावून सांगत होती, ते कंपाउंडर निर्दोष आहे हे माहीत असून! आरतीला सांगितलं, मावशीला बोलू नकोस.

ता. क. दुसरा. आज संध्याकाळी शालन म्हणाली, “शेवटचा भाग दिवाळीत बघू. मला अजून त्यो कंपाउंडरच वाटतोय.” मी म्हणालो, वकील. तासभर भांडलो. टीव्ही लावलाच नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. तुझा फोन आला की तू दर वेळी चारपाच नवीन मालिकांची नावं सांगतोस. कृपा करून सांगू नकोस. तिनं आपणहून विचारलं, तर म्हणावं, हल्ली चांगलं काही येतच नाही.