अडकलेली कॅसेट

३ नोव्हेंबर १९८६
पोचले एकदाची भोपाळला! सांगली सोडताना रडले, पण क्वार्टर पाहून खूष. मागे पेरूचं झाड, सोनागिरीचा बाजार जवळ. माझा वेळ जावा म्हणून ह्यांनी अशोका गार्डनमधून जुना व्हीसीआर आणलाय. आत कुणाची तरी कॅसेट अडकलीय, निघतच नाही. विलायती सिनेमा आहे, फार जुना. खाणीत परग्रहावरचं काहीतरी सापडतं आणि गावातली माणसं एकेक करून बदलतात. राक्षस रबराचा, पाठीवरची चेनसुद्धा दिसते! आम्ही पोट धरून हसलो.

९ नोव्हेंबर
हे फॅक्टरीतून आले की रोज तोच सिनेमा लावतात. आता हसत नाहीत. शेजारच्या शकुंतलाबाई मूळच्या ग्वाल्हेरच्या. मराठी बोलतात, पण अर्धी हिंदी. आज अंगणात हळूच म्हणाल्या, “तुमच्या मिस्टरांची तबियत ठीक आहे ना? एकदम फिके पडलेत.” मी म्हटलं, हवापालट.

१४ नोव्हेंबर
दाढी करताना ह्यांना कापलं. मी कापूस लावायला गेले. रक्त लाल नव्हतं. राखाडी होतं, सिनेमातल्यासारखं. डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर उठून सिनेमाच लावला.

१६ नोव्हेंबर
शेंगदाण्याच्या चटणीवाचून ज्यांचा घास उतरत नाही, त्यांनी वाटी सरकवली. हे काय आहे, म्हणून विचारलं. माझं नावही आठवत नव्हतं —

१७ नोव्हेंबर
दुपारी व्हीसीआर हातोडीने फोडला. फीत चुलीत घातली.
टीव्ही बंद होईना. प्लग काढला, तरी सिनेमा चालूच.

१८ नोव्हेंबर, दुपार
सिनेमातल्या गावकऱ्यांच्या गर्दीत हे आहेत. माझे हे. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, तरी त्यांचा चेहरा गव्हाळ, ओठ लाल. आतून काच बडवतायत. आवाज येत नाही. ओठांवरून कळतं, मंदा, मंदा —
मग खुर्चीत बसलंय त्याला मी काय म्हणू? ‘हे’ लिहवत नाही.
शकुंतलाबाईंकडे जाते. आमच्याच दाराला आतून कुलूप. किल्ली त्याच्या मुठीत.
लिहितेय म्हणजे ओरडणार नाही.
हे आता काच बडवत नाहीत. माझ्या मागे बोट दाखवतायत. खुर्ची रिकामी आहे, आणि मानेवर गार —