जीपच्या आतला हात

मी, श्रीमती श्यामला यज्ञेश्वर खासनीस, वय शहात्तर, निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात, सकाळचा चहा घेऊन, चष्मा पुसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. या वयात दडपण आणायलासुद्धा कोणी फिरकत नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. तो का घ्यावा लागला ते पुढे येईलच. वकिलांनी तयार करून दिलेला मसुदा मी परत केला. कायद्याने त्यात काही चूक नव्हती, पण तो कुठल्याही बाईला चालला असता.

माझे पती कै. यज्ञेश्वर वामन खासनीस, तांत्रिक शाळेत वर्कशॉपचे शिक्षक. कागदाला नाव लागतं म्हणून एकदा लिहिलं. यापुढे मी 'हे' असंच लिहिणार आहे. पन्नास वर्षांची सवय कोर्टासाठी मोडणार नाही.

कलम १. धायरी येथील राहते घर आणि मागची पत्र्याची शेड माझा एकुलता एक मुलगा श्रीधर याला मिळावी. तो बाणेरला राहतो आणि इकडे येताना सिंहगड रस्त्याला शिव्या देत येतो. घर त्याने विकावं, पाडावं, भाड्याने द्यावं, माझी हरकत नाही. शेडबाबत मात्र शेवटचं कलम वाचल्याशिवाय कुलपाला हात लावू नये.

कलम २. बँकेतील ठेवी माझी सून हेमा हिला, तिच्या एकटीच्या नावे. श्रीधर, यात तुझं नाव राहून गेलेलं नाही. मुद्दाम घातलेलं नाही. शिवणयंत्रही हेमालाच. ते अधूनमधून चालवावं, नुसतं शोभेला ठेवून त्यावर कुंडी ठेवू नये.

कलम ३. माझ्या थोरल्या नणंद, वन्सं आनंदीबाई. आम्ही पेठेतली भाड्याची जागा सोडून, पत्र्याच्या ठोकाठोकीला मोकळी जागा हवी म्हणून धायरीला आलो तेव्हा त्या चारचौघांत म्हणाल्या, "खासनिसांच्या सुनेने आता घण मारायचा का?" हो वन्सं, मारला, आणि चांगला मारला. आम्ही घरी घडवलेली जीप रस्त्यावर आल्यानंतर त्यांनी तिच्यात कधी पाऊल ठेवलं नाही. त्यांना मी जीपच्या पुढच्या सीटची गादी देते. ती मी शिवली आहे. एकदा बसून पाहावं, टोचत नाही.

कलम ४. हत्यारं. सगळी हत्यारं हे जिथे शिकवत होते त्या शाळेला द्यावीत. अट एकच, पोचा पुट्टीने बुजवायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या हाती ती देऊ नयेत. "पोचा काढायचा असतो, झाकायचा नसतो," असं हे प्रत्येक बॅचला सांगत. एक हातोडी आणि एक डॉली (ती काय असते ते पुढे सांगते) मात्र यातून वगळली आहे. शेजारच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी आमच्या ठोकाठोकीबद्दल वेळोवेळी तक्रार केली. त्यांना मी शांतता देऊन जात आहे. त्यांनी ती पोटभर घ्यावी.

कलम ५. जीप. हे कलम लांबणार आहे.

यांनी १९७८ साली जुन्या बाजारातून एका विलीज जीपचा सांगाडा आणला. लष्कराच्या लिलावातून निघालेला. इंजिन बरं होतं, वरच्या पत्र्याची चाळण झाली होती. ज्यांच्या वडिलांकडून आम्ही ही जागा घेतली त्या सर्जेराव पोकळ्यांच्या बैलांनी तो रस्त्यावरून आत ओढला. सर्जेराव म्हणाले, "मास्तर, ह्यात बसून कुठं जायाचं हाय?" हे म्हणाले, "आधी बसायला जागा तर होऊ दे."

तयार बॉडी मिळत होती. यांना नको होती. सपाट पत्रा आणायचा आणि घरी घडवायचा, असा हट्ट. मी ब्लाउज बेतते तसे ब्राऊन पेपरवर जीपचे भाग बेतले. गोल कोपऱ्याला पत्रा लाटा काढायला लागला तेव्हा मी म्हटलं, "अहो, बाहीला घालतो तशा चुण्या घाला, आणि मग एकेक चुणी ठोकून जिरवा." हे म्हणाले, "मग तूच घाल." घातल्या. त्या जीपच्या कोपऱ्याकोपऱ्यात माझ्या चुण्या जिरलेल्या आहेत, हात फिरवला तरी कोणाला सापडायच्या नाहीत. वर ताडपत्री न टाकता आम्ही पत्र्याचंच टप केलं, आणि मागे उघडायला फाळका. एवढं करून ती पहिल्यांदा रस्त्यावर निघाली तेव्हा मी लग्नातसुद्धा रडले नव्हते एवढी रडले.

पत्रा ठोकायला दोन माणसं लागतात. बाहेर हातोडीवाला, आत डॉलीवाला. डॉली म्हणजे मुठीत मावणारा गुळगुळीत लोखंडी ठोकळा. बाहेरून जिथे हातोडी पडणार, बरोबर तिथेच आतून डॉली दाबून धरायची. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, मध्ये पत्रा असतो. घाव डॉलीवर पडला तर 'टण्' वाजतं. आत हात नसेल तर 'ठप्प'. हा फरक लहान मुलालाही कळतो, भ्रमिष्ट म्हातारीला तर कळतोच.

आधी हे मारायचे आणि मी आत बसायची. पुढे यांचा हात कापायला लागला, घाव भलतीकडे पडू लागले, तेव्हा आम्ही जागा बदलल्या. "आता ही मारते आणि मी सोसतो," असं हे आल्यागेल्याला सांगत.

कलम ६. जीपला पुन्हा गंज धरला म्हणून आम्ही मागची बाजू नव्याने घडवायला घेतली होती. २००८च्या मार्गशीर्षात, जेवणं आटोपून, मी मागच्या उजव्या पत्र्याला बाहेरून ठोकत होते. हे आत. टण्, टण् चाललं होतं. मग ठप्प. मी म्हटलं, "अहो, डुलकी लागली का?" आणि पुन्हा मारलं. ठप्प. त्या घावाचा पोचा अजून तिथे आहे.

मी फाळका पाडून आत गेले. हे पत्र्याला टेकून बसले होते. डॉली मुठीतच होती. सर्जेराव धावत आले, त्यांना आणि मला मिळून ती मूठ सोडवता येईना.

दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. सगळ्यांनी आपापल्या परीने सांगून पाहिलं. श्रीधर म्हणाला, "बाबा, जीप पूर्ण करीन." वन्सं म्हणाल्या, "श्यामलेला अंतर देणार नाही." कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवायला लावला आणि आम्ही घरी आलो. यांचं काय राहिलं होतं ते तिथे कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

कलम ७. वर्षश्राद्ध झाल्यावर मी शेड उघडली. तो पोचा तसाच ठेवून मला मरायचं नव्हतं. आत धरायला कोणी नाही, तेव्हा ठप्प वाजणार हे माहीत होतं. पोच्याच्या कडेला हलकेच मारलं. टण्.

पुन्हा मारलं. टण्. मी आत डोकावले. यांचं बसायचं गोणपाट, मूठ शेवटी सुटली तेव्हा त्यावर ठेवलेली डॉली, बाकी कोणी नाही. बाहेर येऊन मारलं. टण्.

भीती वाटली का? वाटली. हातोडी पदरात गुंडाळून पायरीवर बसून राहिले. मग उठून परत गेले, कारण वर्षभर मी यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की मी शेडमध्ये जाते. यांचा आवाज येत नाही. सावली दिसत नाही. आत कोणीतरी धरून आहे एवढंच. मी काय काय सांगते, भाजी महागली, हेमाला बढती मिळाली, आणि मधून मधून मारते. पोच्यावर मात्र मारत नाही. तो निघाला तर काम संपेल. सर्जेरावांना एकदा विचारलं, तुम्हाला काही ऐकू येतं का? ते म्हणाले, "वहिनी, मला इचारू नका. मी दुपारचा हिकडून जातच न्हाई."

कलम ८. श्रीधरला हे कळलं. त्याआधीच त्याने एक जीप दुरुस्त करणारा गाठला होता. "आई, तो ओरिजिनल बॉडी मागवून बसवतो. चासी-इंजिन ठेवू, हा पत्रा भंगारात देऊ." मी म्हटलं, "पत्रा जाणार नाही." का नाही, ते सांगावं लागलं. मग तो स्वतः आत जाऊन बसला आणि म्हणाला, "मार."

मी मारलं. ठप्प.

"बघितलंस ना, आई? कोणी नाही."

"तू त्यांच्या जागेवर बसलास. ते कुठे बसतील?"

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. चिडला होता की घाबरला होता, की बापासाठी रडू फुटत होतं, मी विचारलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात डॉ. मच्छिंद्र जगताप यांना घेऊन आला. डॉक्टर भला माणूस. त्यांनी वार विचारला, नातेवाइकांची नावं विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी दोनापर्यंत आले आणि विचारलं, शून्याच्या खाली जायचं का? त्यांनी दाखला लिहून दिला. तोच सोबत आहे. श्रीधर, तू हे माझ्या काळजीने केलंस हे मला कळतं. राग आला होता, आता नाही.

कलम ९. आता शेवटचं, आणि हे फक्त श्रीधरसाठी.

पत्र्याच्या कामाला यांचा एक नियम होता. बाहेरच्याने 'झालं' म्हटल्याशिवाय आतल्याने हात काढायचा नाही, नाहीतर बोटं चेचतात. मी आत असताना एकदा दूध उतू जाऊन करपल्याचा वास घरभर सुटला, तरी मी हलले नव्हते. हे तर नियमाला माझ्याहून पक्के.

त्या दुपारी मी 'झालं' म्हटलं नाही. म्हणायची वेळच आली नाही. मी हाका मारल्या, सर्जेरावांना बोलावलं, गाडी मागवली, पण तो शब्द कोणी उच्चारला नाही. म्हणून हे धरून बसले आहेत.

गेल्या पावसाळ्यापासून तो आवाज पूर्वीसारखा खणखणीत येत नाही. हात दमला की डॉली पत्र्यापासून किंचित सुटते आणि घाव बोथट वाजतो. तो दमलेला हात मी ओळखते. रोज ठरवून जाते की आज म्हणायचं. शब्द ओठांवर येतो. मग वाटतं, एवढी दुपार जाऊ दे. तो शब्द गेला की मागे मी एकटी, आणि ते माझ्याच्याने होत नाही. हे असंच चालू राहिलं आणि मी आधी गेले, तर त्यांना कोण सांगणार? आणि तो पत्रा भंगारवाल्याच्या टेम्पोत चढला, तर हे आत तसेच धरून जातील. या एका विचाराने मला अन्न गोड लागत नाही. बाकी सगळं मृत्युपत्र या कलमासाठी लिहिलं आहे.

तेव्हा श्रीधर, माझं पुढचं करण्याआधी, गुरुजींना फोन करण्याआधी, शेडमध्ये जा. एकटा जा. खिळ्याला टांगलेली हातोडी घे. उजव्या बाजूला बाहेर उभा राहा आणि पोच्यावर एकदा मार, जोरात नको. काय वाजलं ते कोणाला सांगू नकोस, स्वतःशीही त्यावर वाद घालू नकोस. मग म्हण, "झालं, बाबा." मोठ्याने म्हण, त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं.

त्यानंतर पत्रा, चासी, सगळं तुझं. नवी बॉडी बसव, मी बोलायला येणार नाही. पण लगेच निघू नकोस. मागचा फाळका पाड आणि बाजूला उभा राहा. घाई करू नकोस. इतका वेळ एका जागी बसून पाय आखडले असतील, आणि ते गुडघे धरून धरून उठतात. हात पुढे करून ठेव. ओढू नकोस, त्यांना धरू दे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोघांच्या समोर सही केले. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. साक्षीदारांना यातून काहीही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे आणि तरीही ते आले.

ठिकाण : धायरी, पुणे
दिनांक : १४ फेब्रुवारी २०१२

(सही) श्यामला यज्ञेश्वर खासनीस

साक्षीदार :
१. (सही) सर्जेराव बाळोबा पोकळे, राहणार धायरी
२. (सही) डॉ. मच्छिंद्र जगताप, राहणार सिंहगड रस्ता, पुणे